चांदणीची डावी नाकपुडी: नागपुरातल्या एका तबेल्यातलं ग्लँडर्सचं प्रकरण

फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. रिंग रोडच्या पलीकडच्या एका तबेल्यातून फोन आला. "मॅडम, नव्या घोडीच्या नाकातून पाणी येऊन रायलं. दुसरं काई नाई, चंदी चांगली खाऊन रायली."

वरातीला घोड्या आणि बग्ग्या पुरवणारं हे कुटुंब. काका, काकू, त्यांचा मुलगा आणि घोड्यांची निगा राखायला एक मोतद्दार. सहा जनावरं होती: वरातीच्या दोन जुन्या घोड्या, बग्गीला जुंपायचे दोन घोडे, दीड वर्षाचं एक शिंगरू आणि सहावी चांदणी. चांदणी संक्रांतीनंतर एका यात्रेच्या बाजारातून आणलेली. नुकरी घोडी, म्हणजे केस पांढरे आणि खालची कातडीही गुलाबी. वरातीला अशाच घोडीला मागणी असते. काकांनी तिच्यासाठी एक लाख चाळीस हजार मोजले होते, त्यातले निम्मे व्याजाने काढलेले.

त्या घरच्यांच्या परवानगीने मी हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. या प्रकरणातली पहिली चूक माझी होती, म्हणून तीच आधी सांगते.

त्या दिवशी मी चांदणीला पाहिलं तेव्हा ताप १०३ फॅरनहाइट होता. घोड्याचं नेहमीचं तापमान ९९ ते १०१ असतं. जबड्याखालची एक गाठ जराशी टणक लागली. नाकातून येणारा स्राव पातळ होता आणि फक्त डाव्या नाकपुडीतून येत होता. विदर्भात तापलेला घोडा दिसला की आधी सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवीचा ताप, आठवतो, म्हणून रक्ताची काचपट्टी करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. परजीवी दिसला नाही. ट्रकमधला लांबचा प्रवास, फेब्रुवारीतल्या गार रात्री, जागाबदल. मी सर्दी आणि स्ट्रँगल्स (घोड्यांच्या गळ्याच्या गाठी पिकवणारा जिवाणूचा आजार) यांच्यामध्ये कुठेतरी निदान ठेवलं आणि पाच दिवसांचं अँटिबायोटिक सुरू केलं.

एकाच नाकपुडीतून स्राव का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. स्ट्रँगल्समध्ये बहुधा दोन्ही नाकपुड्या वाहतात, गळ्याखालची गाठ पिकून फुटते आणि नंतर जनावर सुधारतं. नाकपुडी उघडून आत टॉर्च मारला नाही. घोडी कुठून आली, सोबत कोणती जनावरं होती, कसला दाखला आहे का, यातलं काहीच विचारलं नाही. सगळ्यात वाईट म्हणजे, तिला वेगळी बांधा, एवढंसुद्धा मी म्हटलं नाही.

औषधाने स्राव सुकला. काकांनी आनंदाने फोन करून कळवलं. पुढच्या दहा दिवसांत चांदणी तीन वराती करून आली.

तिसऱ्या आठवड्यात पुन्हा फोन आला. या वेळी डाव्या नाकपुडीतून पिवळट, डिंकासारखं चिकट काहीतरी येत होतं आणि त्यात रक्ताची रेघ होती. मी टॉर्च मारला. नाकाच्या मधल्या पडद्यावर फाटक्या कडांचा व्रण दिसला. मग पायांकडे पाहिलं. मागच्या डाव्या पायाच्या आतल्या अंगाला दोऱ्यात मणी ओवावेत तशा गाठी एका रांगेत वर चढत गेल्या होत्या. एक फुटली होती आणि तिच्यातून मधासारखा दाट पू गळत होता.

मी दोन पावलं मागे सरले. काका म्हणाले, "तेच इंजेक्शन पुन्हा मारून द्या ना जी. परवा वाडीला वरात हाय."

मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं की आता इंजेक्शन नाही. हा ग्लँडर्स असू शकतो, आणि तसं असेल तर त्यावर औषध द्यायचंच नसतं.

या रोगाचं नाव नागपुरातल्या बहुतेक घोडेवाल्यांनी ऐकलेलं असतं, पण नेमकं काय होतं ते फार थोड्यांना ठाऊक असतं. बर्खोल्डेरिया मॅलिआय नावाचा जिवाणू घोडे, खेचरं आणि गाढवं यांच्यात राहतो. गाढव-खेचराला तो थोड्या दिवसांत मारतो. घोड्यात मात्र महिनोन्‌महिने दबून राहू शकतो. वरून जनावर ठणठणीत, आतून पसरवत राहणारं. म्हणूनच जागतिक पशुआरोग्य संघटना या रोगाचा उबवण काळ सहा महिने धरते. अँटिबायोटिकने स्राव थांबतो, पण पेशींच्या आत लपलेला जिवाणू जात नाही. मी दिलेल्या पाच दिवसांच्या औषधाने नेमकं हेच केलं होतं. यावर लस नाही. एका जनावराकडून दुसऱ्याकडे जायला त्याला फारसं काही लागत नाही: पाण्याची एक डोण, एक तोबरा (तोंडाला बांधायची चंदीची पिशवी), एकाच फडक्याने पुसलेली दोन नाकं. आणि तो माणसालाही होतो. मोतद्दार, नालबंद, पशुवैद्य आणि प्रयोगशाळेत काम करणारे यांना सगळ्यात जास्त धोका. पहिल्या महायुद्धात शत्रूचे घोडे आणि खेचरं मारायला हाच जिवाणू वापरला गेला होता.

काका ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांना फक्त परवाची वरात दिसते आहे. मुलाने विचारलं, "आपण कोणाले सांगतलंच नाई तं?"

प्रश्न सरळ होता, म्हणून उत्तरही सरळ दिलं. जनावरांमधील संसर्गजन्य व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत ग्लँडर्स आहे. कलम ४ प्रमाणे असा संशय आल्यावर कळवणं जनावराच्या मालकावर बंधनकारक आहे. कलम ५ प्रमाणे आजारी जनावर बाकीच्यांपासून वेगळं ठेवणं हीही त्याचीच जबाबदारी. रोग पक्का झाला तर कलम २५ खाली जनावराला दयामरण द्यावं लागतं. ग्लँडर्ससाठी १८९९ चा वेगळा कायदा होता, नव्या अधिनियमाने तो रद्द करून त्याची जागा घेतली. मग मी मुलाला म्हटलं, "तू काल ज्या फडक्याने तिचं नाक पुसलंस, तेच फडकं आत्ता तुझ्या खांद्यावर आहे." तो काही बोलला नाही. फडकं मात्र काढून बाजूला ठेवलं.

त्याच दुपारी मी पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवलं. संध्याकाळपर्यंत पथक आलं. हातमोजे, मास्क, चष्मा. सहाही जनावरांच्या मानेच्या शिरेतून रक्त घेतलं, सीरम वेगळं केलं, तिहेरी वेष्टनात बर्फावर ठेवलं आणि एक माणूस ते घेऊन हिसारला निघाला. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र हे देशात या रोगाच्या निदानाचं मुख्य ठिकाण. नागपुरात पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून आहे, २००० पासून पशुविज्ञान विद्यापीठही आहे. तरीही या एका रोगाचा शेवटचा शब्द हिसारचा असतो आणि माझ्या मते ते योग्यही आहे. हा जिवाणू हाताळायला उच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा लागते आणि चुकीच्या निकालाची किंमत एका घोड्याचा जीव असते.

अहवालाची वाट पाहण्याचे नऊ दिवस हा या प्रकरणातला सगळ्यात अवघड काळ होता असं मला आजही वाटतं. चांदणीला तबेल्याच्या मागे शेवग्याखाली बांधली. तिची बादली, तोबरा, खरारा सगळं वेगळं. तिच्याकडे एकट्या मोतद्दाराने जायचं आणि तेही बाकीच्या जनावरांचं सगळं आटोपल्यावर, सगळ्यात शेवटी. परत येताना बूट हायपोक्लोराइटच्या टबात बुडवायचे. हा जिवाणू तसा नाजूक असतो, कडक ऊन आणि साधी जंतुनाशकं त्याला मारतात. ओल्या, अंधाऱ्या गोठ्यात मात्र तो आठवडेच्या आठवडे टिकतो. म्हणून मी काकांना तबेल्याचा मागचा पत्र्याचा आडोसा काढायला लावला. ऊन फुकट मिळतं, आणि नागपुरात तर भरपूर.

नवव्या दिवशी अहवाल आला. चांदणी एलायझा आणि पूरक बंधन चाचणी, दोन्हींत पॉझिटिव्ह. बाकीचे चार निगेटिव्ह. बग्गीचा एक घोडा, बादल, एलायझात पॉझिटिव्ह आणि दुसऱ्या चाचणीत निगेटिव्ह.

"म्हणजे अर्धा बिमार हाय का तो?" काकूंनी विचारलं.

त्यांना समजावायला मला अर्धा तास लागला. वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या हातात असा अहवाल येईल त्यांच्यासाठी तेच इथे लिहिते. एलायझा म्हणजे चाळण. रक्तात या जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं ती शोधते आणि संशयित म्हणून बाजूला काढते. चाळणीत कधीकधी चांगले दाणेही अडकतात, उदाहरणार्थ त्याच कुळातल्या दुसऱ्या जिवाणूशी पूर्वी गाठ पडली असेल तर. पूरक बंधन चाचणी त्यानंतरची. तीत घोड्याच्या सीरममध्ये रोगाचं प्रतिजन आणि रक्तातलं 'पूरक' नावाचं द्रव्य मिसळतात. प्रतिपिंडं खरोखर असतील तर पूरक त्यांच्यातच खर्ची पडतं, आणि शेवटी घातलेल्या मेंढीच्या तांबड्या पेशी न फुटता तळाशी बसतात. प्रतिपिंडं नसतील तर पूरक मोकळं राहतं आणि पेशी फुटून नळी लालभडक होते. बादलच्या नळीत पेशी फुटल्या होत्या. पण संसर्ग अगदी नवा असेल तर सुरुवातीला चाचणी त्याला पकडेलच असं नाही. म्हणून बादलला निर्दोष ठरवायला एक अहवाल पुरत नाही. एकवीस दिवसांनी पुन्हा रक्त, आणि तोवर तोही वेगळा.

चांदणीचं त्याच आठवड्यात झालं. तबेल्यामागच्या मोकळ्या जागेत जेसीबीने आठ फूट खड्डा खणला. जनावर वाहनातून दुसरीकडे न्यायचं नाही, शवविच्छेदन करायचं नाही. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग भुलीच्या औषधाची जास्त मात्रा. काकूंना तिच्या कपाळावर हळदकुंकू लावायचं होतं. हात लावू देता येणार नव्हता. त्यांनी दोरीच्या बाहेरून, चार हातांवरून, हळदकुंकवाची चिमूट तिच्या दिशेने उडवली. कळीचा चुना टाकून खड्डा भरला.

भरपाईचं गणित मांडते, कारण याबद्दल स्पष्ट कुणी बोलत नाही. दयामरण दिलेल्या घोड्याला शासनाकडून २५,००० रुपये मिळतात. चांदणी एक लाख चाळीस हजारांची होती. तिच्या अंगावर चढणारी मखमली झूल, जरीचा माथापट्टा, कापडी खोगीर, दोऱ्या, सगळं जाळावं लागलं. लगाम आणि रिकिबी तेवढ्या जंतुनाशकात ठेवून वाचल्या. साजाचे, उरलेल्या पाच जनावरांच्या बुडालेल्या वरातींचे आणि त्या काळातल्या चाऱ्याचे पैसे कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. कायदा कळवणाऱ्याला शिक्षा करत नाही, पण सगळं नुकसान त्याच्याच पदरात पडतं. फोन न करणाऱ्याचं काहीच जात नाही. माझ्या मते हा रोग लपून राहतो त्याचं मूळ कारण हेच.

आणि नुकसान एका तबेल्यापुरतं राहिलं नाही. तेव्हा ग्लँडर्ससाठीचा २०१९ चा राष्ट्रीय कृती आराखडा चालू होता. त्याप्रमाणे रोगाच्या ठिकाणापासून ५ किलोमीटरचं बाधित क्षेत्र आणि २५ किलोमीटरपर्यंत निगराणी. नकाशावर कंपास ठेवून पाहा: कामठी, हिंगणा, वाडी आणि मधलं जवळजवळ सगळं शहर त्या वर्तुळात येतं. घोड्यांच्या हालचालीवर बंदी आली. पथकं तबेल्यांमधून फिरली, वीटभट्ट्यांवरच्या गाढवांचं आणि खेचरांचंही रक्त घेतलं. सुदैवाने बाहेर कुठेही एकही पॉझिटिव्ह निघालं नाही. २०२५ च्या सुधारित आराखड्यात ही वर्तुळं २ आणि १० किलोमीटरवर आणली आहेत. तेव्हा हा नियम असता तर कामठीकडच्या लोकांचा हंगाम वाचला असता.

त्या वर्षी मात्र सगळ्यांचाच गेला. मार्चमध्ये घोडेवाल्यांची एक बैठक भरली, मलाही बोलावलं होतं. एक जण उभा राहून काकांकडे बोट दाखवत म्हणाला, "याच्या एका घोडीपायी साऱ्यायच्या वराती बंद झाल्या. गपचूप पुरून टाकली असती तं कोणाले समजलं असतं?" काका मान खाली घालून बसले होते. मी उठून सांगितलं की चांदणीने तीन वराती केल्या, त्यातल्या दोन ठिकाणी तुमच्यापैकीच दोघांच्या बग्ग्या होत्या आणि घोडे एकाच टँकरच्या डोणीत पाणी प्यायले. ते दोघे तिथेच बसले होते. त्यानंतर बैठकीचा सूर बदलला. राग गेला नाही, पण काकांवरून हटला. तरीही दोन-तीन जणांनी रात्री जनावरं भंडाऱ्याकडे हलवल्याचं नंतर कानावर आलं. व्याजाचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाला तीन महिने बसून राहा म्हणणं सोपं असतं, हे मी तेव्हाच्या माझ्या नोंदवहीत लिहून ठेवलं आहे.

माणसांची तपासणीही झाली. काका, मुलगा, मोतद्दार, नालबंद आणि मी. आरोग्य विभागाने रक्त घेतलं, एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजायला सांगितलं. मोतद्दाराला अकराव्या दिवशी ताप आला आणि आम्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तो साधा विषाणूचा ताप निघाला, तीन दिवसांत उतरला. माझी सात वर्षांची मुलगी त्या दिवसांत माझ्या खोलीत झोपायची नाही, दारातूनच "आई, थर्मामीटर किती?" असं विचारायची. पाचही जण निरोगी निघालो.

आता एक गोष्ट, जी मला कुठल्याही आराखड्यात सापडली नाही. रोज वरात करणारा, चार-चार किलो चंदी खाणारा घोडा एकदम खुंट्याला बांधून ठेवला आणि चंदी तेवढीच चालू ठेवली, तर तो ग्लँडर्सशिवायही आजारी पडतो. स्नायू आखडतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते, पोटशूळ उठतो. विलगीकरणाच्या दहाव्या दिवशी जुन्या घोडीला हेच झालं. मोतद्दार मायेने हरभऱ्याची भरड जास्तच घालत होता. "बिचारी उभी राहून कंटाळली जी," असं त्याचं म्हणणं. आम्ही चंदी पाव केली, हिरवं गवत आणि हरभऱ्याचं कुटार वाढवलं आणि प्रत्येक जनावराला आवाराच्या आतच, दोरीला धरून, सकाळी-संध्याकाळी वीस-वीस मिनिटं फिरवलं. मेमध्ये पारा ४५ च्या वर गेला तेव्हा ओल्या गोणपाटाचे पडदे लावले. प्रत्येक जनावराच्या गोणपाटाला आणि बादलीला वेगळा रंग. बादलचा लाल, शिंगराचा हिरवा. मुलाने स्वतः रंग आणून फासले. तिथून पुढे त्या तबेल्याची शिस्त मला सांगावी लागली नाही, तोच मला सांगू लागला.

बादलचा दुसरा नमुना एलायझातही निगेटिव्ह आला. तिसरा, आणखी एकवीस दिवसांनी, पुन्हा निगेटिव्ह. बाकीचेही. अक्षय तृतीया तोवर निघून गेली होती. हालचालीवरची बंदी उठली तेव्हा मे संपत आला होता आणि हातात जेमतेम चार वराती उरल्या. ज्या घरांनी घोडी सांगितली होती त्यांनी कधीच उघड्या गाड्या ठरवल्या होत्या. मुलाने ते तीन महिने भाड्याची ऑटो चालवली.

त्या उन्हाळ्यानंतर आम्ही काही घोडेवाले आणि मी मिळून एक लहानसा रिवाज पाडला आहे. सारंगखेड्याच्या, माळेगावच्या घोडेबाजारातून, कुठूनही नवं जनावर आलं तर विकणाऱ्याकडून तपासणीचा अहवाल मागायचा. तो असला तरी जनावर तीस दिवस वेगळं, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. आल्याबरोबर एक रक्त, एकवीस दिवसांनी दुसरं. तोबरा कुणी कुणाला द्यायचा नाही. वरातीच्या ठिकाणी पाणी घरच्या बादलीतून. वेगळं ठेवायला ज्याच्याकडे जागा नाही त्याने दुसऱ्याची वापरायची. काकांनी त्यासाठी शेवग्याखालची जागा मोकळी ठेवली आहे. तीस दिवसांचा चारा आणि दोन तपासण्या यांचा खर्च एका मखमली झुलीपेक्षा कमी येतो, हे काका आता स्वतःच नव्या लोकांना हिशेब करून दाखवतात. सगळे पाळतात असं नाही. बैठकीत उभा राहून बोट दाखवणारा तो माणूस मात्र पाळतो.

माझ्या स्वतःच्या कामात दोन गोष्टी बदलल्या. घोड्याचं नाक वाहतंय असा फोन आला की पहिला प्रश्न ताप किती हा नसतो. जनावर घरी कधी आलं, हा असतो. आणि टॉर्चने दोन्ही नाकपुड्या पाहिल्याशिवाय, पायांच्या आतल्या अंगावरून हातमोज्याचा हात फिरवल्याशिवाय मी अँटिबायोटिकची बाटली बॅगेतून काढत नाही.

गेल्या आठवड्यात काकांनी दुसरी घोडी आणली. या वेळी नुकरी परवडली नाही, कुमेद (तांबूस तपकिरी) आहे, कपाळावर चांदणीएवढा पांढरा ठिपका. शेवग्याखाली उभी आहे, पिवळी बादली. पहिलं रक्त गेलंय. मी निघताना काकू दोरीच्या बाहेर उभ्या राहून तिच्याशी बोलत होत्या, "थांब वो माय, अजून बावीस दिवस."